मागची दोन चाकं

"दाबून काय बघताय वैनी, आंबा हाय का तो?" इलाहीभाई म्हणाले आणि दुकानात उभे असलेले दोघे-तिघे गिऱ्हाईक हसले.

मी काही दाबायची थांबले नाही. कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळ त्यांचं टायरचं दुकान होतं. भिंतीला टेकून नवे टायर ओळीने उभे होते आणि मी एकेकाच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बघत होते. खाच किती खोल आहे, पाणी कडेला निघून जायला तिला वाट आहे का, रबर बोटाखाली थोडंतरी दबतं की नुसता दगड आहे. बाजारात वांगी घेतानाही मी असंच करते आणि भाजीवाल्या मला शिव्या घालतात. टायरवाल्याने निदान चेष्टा तरी हसून केली.

माझे सासरे, तात्या, बाहेर बाकावर तोंड फिरवून बसले होते. टायर घ्यायला बाईमाणसाने यायचं हेच त्यांना मान्य नव्हतं. पण गाडी आता मी चालवणार होते. माझा नवरा मुंबईला मसाल्याच्या बाजारात माथाडी, तो दिवाळीला आणि यात्रेला येणार. तात्यांनी वर्षभरापूर्वी जीपची किल्ली देवळीत ठेवली होती आणि पुन्हा हात लावला नव्हता.

ते का, हे सांगायला हवं. आमची सडेवाडी पाटणच्या वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर. सडा म्हणजे उघडा कातळ आणि त्यावर वीतभर लाल माती. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल घाटाखाली तांबेवाडीला. पावसात एसटी वर येत नाही. मुलगे पायवाटेने उतरतात नाहीतर खाली कुणा पाहुण्याकडे राहतात. मुलींना असं कोण ठेवणार? तेव्हा तात्यांनी दोन-तीन वर्षं आपल्या जीपमधून मुलींची ने-आण केली होती. मागच्या आषाढात उंबराच्या वळणावर जीपचं मागचं अंग घसरलं. गाडी आडवी फिरली, मागचा दरवाजा कठड्यावर आदळला. कडेला बसलेली अनुसाअक्काची छाया फेकली गेली आणि तिचा हात खांद्यापाशी मोडला. बाकी कुणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एकही मुलगी खाली गेली नाही. आठवीच्या, नववीच्या सगळ्या पोरी घरी बसल्या, गुरं राखायला लागल्या. छायाला तर स्थळं बघायला सुरुवात झाली होती. माझी पोरगी नंदा त्यांच्यातलीच, तिचीही आठवी बुडाली.

मी उन्हाळ्यात कराडला भावाकडे राहून लायसन काढलं होतं. जून तोंडावर आला होता. गाडी घाटात उतरली तर पोरी शाळेत, नाहीतर एकेक करून सगळ्या मांडवात. यापेक्षा वेगळं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

जीपच्या चार टायरांपैकी दोन पार गोटा झाले होते, हात फिरवला तर तुळतुळीत. उरलेले दोन अजून एक पावसाळा काढतील असे. इलाहीभाईंनी आधी मला लांब प्रवासाचे टायर दाखवले. रेघा सरळ, पळायला मऊ, झिजायला उशीर. सातारा-पुणे करणाऱ्याला झकास. मी म्हटलं, भाई, आमच्या गावात शिरायच्या आधी गुडघाभर राडा असतो, तिथं हे नुसते गरागरा फिरतील. तात्या बाहेरून म्हणाले, "चिखलाचं दाव की तिला." मग त्यांनी चिखलाचे काढले. ठोकळे हे एवढाले, दोन ठोकळ्यांत मूठ जाईल इतकं अंतर. रबर पुन्हा चढवलेले, स्वस्त. जेवढ्यात चांगले दोन यायचे तेवढ्यात हे चार येत होते. तात्या आत आले, त्या ठोकळ्यांवरून हात फिरवला आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

"हे घे. चारी घे," ते म्हणाले.

पण चिखल आमच्याकडे गावाजवळच्या तुकड्यात. घाट सगळा डांबरी, आणि पावसात त्या डांबरावर शेवाळ धरतं. एवढ्या थोड्या रबरावर उभी राहून भरलेली गाडी त्या शेवाळावरून उतरवायची म्हणजे चिखलाच्या बुटांनी फरशीवरून पळण्यासारखं. शिवाय उन्हाळ्यात हाच कातळ टायर कापून काढतो, आणि थंडीत सकाळच्या दवाने गवताची वाट साबणासारखी होते. मला एकाच हंगामाचा टायर नको होता. बारा महिने चालेल असा हवा होता.

"भाई, दोन्हीच्या मधला नाही का?"

इलाहीभाईंनी मान खाजवली. आत जाऊन एक काढून आणला. खाचा नागमोडी, कडेला चिखल धरायला दात, मधे पाणी जायला वाटा. मी नख घातलं. आत गेलं. रबर दाबलं. दबलं.

"हा," मी म्हटलं.

"आपल्या मापाचे दोनच हायत वैनी. बाकीचे दोन मागवायचे तर पंधरवडा तरी. आन भाव बघून घ्या."

शाळा त्याच्या आत सुरू होणार होती. मी सांगितलं, दोन द्या. तात्या बाहेर जाऊन पुन्हा बाकावर बसले. चार सोडून दोन घेणारी सून आपल्या नशिबी आली, हे त्यांनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं.

खरं भांडण पुढेच होतं. दुकानातल्या माणसाने गाडीला जॅक लावला आणि न विचारता पुढची चाकं खोलायला घेतली. आमच्याकडे सगळेच असं करतात. नवी जोडी पुढे, जुनी मागे. सड्यावर जेवढे जीपवाले होते ते सगळे हेच करत आणि यावर कधी कुणी दोन शब्द बोललं असेल असं मला वाटत नाही.

"पुढचे राहू द्या. नवे मागे लावा," मी म्हटलं.

तो थांबला. इलाहीभाईंकडे बघायला लागला. इलाहीभाईंनी तात्यांकडे बघितलं.

"मागं?" तात्या उठून आले. "मागं कोण लावतं? पुढलं चाक वाट धरतं. मागलं येतं त्येच्या मागनं. डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. गाडी घसरली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गवताला म्हणून त्या वळणावर गेले होते. पाऊस थांबला होता आणि डोंगरावरून डांबरावर वाहून आलेल्या राड्यात खुणा तशाच होत्या. पुढच्या चाकांची रेघ शहाण्यासारखी वळली होती. मागच्यांनी मात्र केरसुणी फिरवावी तसा राडा बाजूला लोटला होता. म्हणजे पुढच्यांनी वाट धरली होती, पण मागच्यांनी सोडली होती, आणि त्या दिवशी मागे होते ते गोटा टायर. तेव्हापासून मी हाच विचार करत होते. पुढचं चाक घसरलं तर ते हातात कळतं. सुकाणू हलकं होतं, पाय उचलता येतो. मागचं घसरलेलं मात्र कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

हे सगळं मी दुकानात चार माणसांसमोर बोलले, हीच माझी चूक. सुनेने सासऱ्याच्या अपघाताचा असा पंचनामा रस्त्यात मांडायचा नसतो. तात्यांचा चेहरा उतरला.

"गाडी माझी हाय," एवढंच ते म्हणाले.

"चालवणार मी हाय, तात्या."

ते वळले आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागले. मी हाका मारल्या, त्यांनी ऐकल्या नाहीत. नवे टायर मागे बसवून घेऊन मी एकटीच घाट चढून घरी आले. तात्या एसटीने तांबेवाडीपर्यंत आले आणि तिथून पायवाटेने डोंगर चढून दिवेलागणीला पोचले. माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी नंदाच्या हातून मागून घेतली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर आले तर अंगणात जीप एका अंगावर उचललेली. तात्या ओल्यात गुडघे टेकून बसले होते. मागच्या चाकाचे नट त्यांनी ढिले केले होते आणि पान्यावर जोर देऊन शेवटचा सोडवत होते. सत्तरीला आलेला माणूस, दम लागलेला. पुढचं चाक आधीच काढून बाजूला ठेवलं होतं.

मी पाटी खाली ठेवली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचे हात बघून तो वर आला नाही.

"तात्या, कशाला करताय?"

"तुला न्हाय कळायचं."

"मग सांगा की. मला कळंल असं सांगा."

ते पान्यावर झुकलेलेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं माझी नात बसती."

"आन मागं?"

"मागं गावाच्या बसत्यात."

बोलून गेले आणि मग त्यांचा हात थांबला. त्यांच्या तोंडून निघालेलं त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं. आमच्या सड्यावर ती रीतच होती. गाडीवाल्याचं आपलं माणूस नेहमी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. पुढच्या चाकांवर नवी जोडी. मागच्या बाकांवर गाव, आणि मागच्या चाकांवर उरलेलं. असं कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणाच्या मनात पापही नव्हतं. त्या दिवशीसुद्धा नंदा पुढे होती. तिला खरचटलंही नाही. छाया मागे होती.

तात्या पाना हातात धरून जमिनीवर बसले. जे बोलायचं होतं ते मला त्यांना ऐकवायचं नव्हतं. मग मी त्यांच्या हातातून पाना घेतला, मागचे नट पुन्हा आवळले, पुढचं चाक होतं तिथे बसवलं आणि जॅक उतरवला. ते उठले आणि विहिरीकडे हात धुवायला गेले.

दुपारी मी अनुसाअक्काच्या वावरात गेले. छायाची आई. नात्याने माझी चुलत जाऊ, वयाने मोठी, आणि गावातल्या बायकांत तिचा शब्द शेवटचा. तिने पोरगी पाठवली तर बाकीच्या पाठवणार, हे मला, तिला आणि साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती वाकून नाचणीच्या तरव्यातलं गवत काढत होती. मला बघून तिने कंबर सरळ केली नाही.

मी सगळं सांगितलं. लायसन काढलं, टायर नवे आणले, पावसातही घाट चढून-उतरून बघितला. छायाला पाठव म्हटलं. आणखी एक वर्ष गेलं तर ती पुन्हा शाळेत बसणार नाही, हेही म्हटलं.

"नवं टायर मागं लावलंस म्हनं," ती गवत काढता काढता म्हणाली. सड्यावर बातमी गाडीपेक्षा आधी पोचते.

"व्हय."

"मागं बसल्याल्या पोरी आता पडायच्या न्हाईत म्हन."

"न्हाई पडायच्या, अक्का."

आता ती उभी राहिली. मातीचे हात लुगड्याला पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"मग तुजी नंदा कुटं बसनार?"

माझ्या तोंडात 'पुढं' आलंच होतं. खरं सांगते, अगदी जिभेच्या टोकावर होतं. एवढा नख घालून टायर निवडणारा माझा हात, एवढं सासऱ्याशी भांडलेलं माझं तोंड, आणि माझ्या पोरीची जागा मी मनात कधीच पुढे धरून ठेवली होती. तिथे माझ्यात आणि तात्यांच्यात काहीच फरक नव्हता. माझ्याकडे बघून अनुसाअक्काला काय कळायचं ते कळलं आणि ती पुन्हा वाकली.

"जा घरी," ती म्हणाली. रागाने नाही, दमून म्हणाली.

संध्याकाळी चुलीपुढे बसून मी नंदाला सांगितलं, उद्या तू मागे बसायचंस, अगदी शेवटी, दरवाजाजवळ. तिला ते मुळीच आवडलं नाही. पुढे बसून काचेवरची वाफ फडक्याने पुसायची हे तिचं लाडकं काम होतं. तिने विचारलं, तिथंच छाया बसली होती ना? मी हो म्हटलं. तिने भाकरी तशीच ठेवली. मग थोड्या वेळाने विचारलं, "आई, मी पडणार न्हाय ना?"

मी न्हाई म्हटलं. माझा टायरवर भरवसा होता, वळणावर होता, माझ्या हातावरही होता. पण आपल्या पोरीला तिथे बसवताना भरवसा पुरत नाही हे मला त्या चुलीपुढे कळलं. त्याआधी नवऱ्याचा फोन रेशन दुकानात आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाकीचं तुझं खरं, पण पोरीला पुढेच बसव, उगाच कुणाला दाखवायला जीव टांगणीला लावू नको. मी म्हटलं, मग छायाला कुठे बसवू ते सांग. तेवढ्यात माझ्या मागे रांगेत थांबलेली माणसं कुरकुर करायला लागली, म्हणून मी फोन ठेवला.

सकाळी धो धो पाऊस. मी जीप मारुतीच्या देवळासमोर लावली. पोरी आल्या होत्या, गणवेशावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद पांघरून, आणि त्यांच्या आया. पण गाडीत कुणी चढत नव्हतं. सगळ्या अनुसाअक्काकडे बघत होत्या. ती छायाचा हात धरून देवळाच्या पायरीवर उभी होती. तोच हात, जो मोडला होता आणि आता थोडा वाकडा दिसत होता.

मी मागचा दरवाजा उघडला. नंदाला म्हटलं, चढ. ती चढली आणि शेवटच्या टोकाला, दरवाजाला पाठ लावून बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती बसली.

तेवढ्यात तात्या आले. घोंगडी डोक्यावरून घेतलेली. घाटातल्या त्या दिवसानंतर ते गाडीत बसले नव्हते, कराडला जातानाची एक वेळ सोडली तर, आणि तेव्हाही डोळे मिटूनच बसले होते. मला वाटलं, नातीला खाली उतरवायला आले. पण ते सरळ मागे गेले, दांडा धरला आणि मोठ्या कष्टाने चढले. नंदाच्या समोरच्या बाकावर, तेवढ्याच टोकाला बसले.

मी छायाला म्हटलं, "ये, तू पुढं बस माझ्याजवळ."

अनुसाअक्काने मान हलवली. छायाला घेऊन ती गाडीच्या मागे आली आणि तिने आपल्या हाताने पोरीला नंदाच्या शेजारी बसवलं. मग बाकीच्या चढल्या. एकमेकींच्या मांडीवर बसल्या, दप्तरं पायात घातली, पण पुढे यायला कुणी तयार नव्हतं. पुढची सीट मोकळीच राहिली. त्या दिवशी सड्यावरून जीप खाली गेली ती पुढे फक्त ड्रायव्हर घेऊन, आणि मागे उभं राहायला जागा नव्हती.

गावाजवळच्या राड्यात गाडीने थोडं नाचून घेतलं, पण चालत राहिली. घाट लागला तशी मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि तिथेच ठेवली. मागे पोरी आधी गप्प होत्या, मग कुणीतरी पाढे म्हणायला सुरुवात केली. भीती वाटली की पोरी पाढे म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आरशात बघत नव्हते. आरशात बघितलं असतं तर मला नंदा दिसली असती, आणि नंदा दिसली असती तर मी गाडी तिथेच उभी केली असती.

उंबराच्या वळणावर धुकं होतं. वळणात अर्धी शिरले आणि समोरून विटांचा टेम्पो वर आला, आपली बाजू सोडून, मधोमध. मला ब्रेक दाबावा लागला. हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच दाबला गेला. पुढच्या चाकांची पकड सुटली. सुकाणू हातात एकदम हलकं झालं, रिकाम्या घागरीसारखं, आणि गाडीचं नाक कठड्याकडे सरकायला लागलं. मला वाटलं, झालं. पण मागचं अंग जागचं हललं नाही. ते धरून होतं. मी पाय उचलला, सुकाणू तसंच वळवलेलं ठेवलं आणि पुढच्या चाकांनी पुन्हा वाट पकडली. टेम्पो घासून गेल्यासारखा बाजूने गेला. मागे पोरींचा सतराचा पाढा चालला होता, त्यात कुणीतरी चुकलं आणि बाकीच्या हसल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

तात्यांना कळलं होतं. हायस्कूलच्या दारात मी गाडी थांबवली तेव्हा पोरी भराभरा उतरून पळाल्या, नंदासुद्धा मागे वळून न बघता छायाबरोबर पळाली. तात्या सगळ्यांत शेवटी उतरले. मी अजून सुकाणू धरूनच बसले होते. ते माझ्या दाराशी आले.

"पुढलं सुटलं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

"मागलं सुटलं असतं तर..." एवढं म्हणून त्यांनी मागच्या चाकाकडे बघितलं. मग त्यांनी सांगितलं की राहिलेले दोन टायर मागवू, आणायला मी तुझ्याबरोबर येतो, त्या इलाहीला मापात घ्यायला पाहिजे, भाव जास्त लावला त्याने. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी दोन्ही केलं. तात्यांनी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी पोरींना परत वर आणलं. जेवायच्या आधी तात्यांनी पटका बांधला आणि मला म्हणाले, चल माझ्यासंगं. ते अनुसाअक्काच्या घराकडे निघाले. त्या वर्षभरात ते त्या दारावरून कधी गेले नव्हते. वाट वाकडी करून पाणंदीने जायचे.

अनुसाअक्का उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तात्या अंगणातच उभे राहिले. मी त्यांच्या मागे. पाऊस उघडला होता. त्यांनी घसा साफ केला आणि मला वाटलं आता ते काहीतरी लांबण लावतील, पावसाचं, रस्त्याचं. पण त्यांनी सरळ सांगितलं.

"अनुसा, गेल्या साली माझी नात पुढं व्हती म्हून वाचली. चांगलं टायर म्या पुढं लावलं व्हतं. तुज्या पोरीच्या खाली गोटा टायर व्हता. मला ठावं व्हतं तो गोटा हाय ते."

अनुसाअक्काने सूप बाजूला ठेवलं. तिने त्यांना बसा म्हटलं नाही, असू दे असंही म्हटलं नाही. झालं गेलं विसरा म्हणणारी बाई ती नव्हेच.

"मी आज वळणावर व्हते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. छायाला गाडीत बसवल्यावर ती घरी गेलीच नव्हती. आम्ही राड्यात अडखळत होतो तेवढ्यात ती पायवाटेने धावत उतरली होती आणि त्या पावसात उंबराखाली जाऊन उभी राहिली होती. टेम्पो तिने बघितला होता. कठड्याकडे सरकलेलं गाडीचं नाक बघितलं होतं. मागच्या बाकावरची आपली पोर बघितली होती, आणि आम्हाला कुणालाच ती दिसली नव्हती.

"मागलं चाक बघितलं म्या," ती म्हणाली. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं, तांदळात बोटं घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या न्हाय यायची मी बघाय."